लेले मास्तरांची अर्धी राहिलेली पाळी

अध्यक्ष सायेब, कालेजातली मास्तर मंडळी, भोरातली मोठी मानसं, आन तिकडं दाराशी सतरंजीवर बसलेल्या माझ्या वाडीच्या बायांनो, समद्यांना रामराम.

मी ठकूबाई. वेल्ह्याच्या पल्याड डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी हाय, तिथली. भोरात मी बाजाराला येते. भाषणाला पहिल्यांदाच आले. असं चार मानसांम्होरं उबं ऱ्हाऊन बोलायची मला सवय न्हाई. पन चिटणीस सायेब म्हनाले, बाई, गावाकडचं कुनीतरी बोललेलं बरं दिसंल. बरं दिसंल, असं म्हनाले. तर बरं दिसायसाठी मी उबी हाय. आता काय दिसंल ते बगा.

लेले मास्तर गेले. ह्याच शेतकी कालेजातले लेले मास्तर. अजून त्यांचा दहावा बी झाला न्हाई. मघापासनं मी भाषणं ऐकतेय. लई चांगली भाषणं झाली. मास्तर इद्वान व्हते, मास्तर साधे व्हते, मास्तरांना कशाचा लोभ नव्हता. समदं खरं हाय. अध्यक्ष सायेब म्हनाले, कालेजच्या नव्या सभेच्या हालाला लेले मास्तरांचं नाव देऊ, दगडावर कोरून लावू. आन म्हनाले, लेले सरांना बायकोमुलं नव्हती, कॉलेज हेच त्यांचं घर आणि आपण सगळे त्यांच्या घरचे. हा शबुद ध्येनात ठिवा, मंडळी. मला त्याच्याकडं परत यायचंय.

मास्तर पहिल्यांदा आमच्या वाडीला आले ते साखळी आन खुंट्या घेऊन. संगट दोन शिपाई. गायरानाच्या उतारावर त्यांनी खुंट्या ठोकल्या आन झाडाखाली दशम्या खायला बसले. म्या काय केलं? समद्या खुंट्या उपटल्या आन त्यांच्या म्होरं नेऊन टाकल्या. माझं माहेर भाटघरच्या धरनाच्या पान्याखाली गेलंय, सायेब. तितं बी आदी खुंट्याच आल्या व्हत्या. खुंटी दिसली की आजून माझा हात उपटायला जातो.

शिपाई आंगावर आला. मास्तरांनी त्याला बसवलं. मला म्हनाले, "बाई, तुम्ही आधी बसा, भाकरी खा. मग मी काय करायला आलोय ते ऐका. नाही पटलं तर खुंट्या घेऊन मी परत जातो."

मी बसले न्हाई. उब्यानंच ऐकलं. ते म्हनाले, कॉलेज वाढवायचंय. युनिव्हर्सिटी म्हणते, शेतकीचं कॉलेज आहे तर निरनिराळी शेती दाखवा. आमची मुलं भात शिकतात ते फळ्यावर. उतारावर खाचर कसं बांधतात, पाणी एकातून दुसऱ्यात कसं सोडतात, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. इथे कॉलेजचा एक तुकडा असावा. तुमची पोरं तिथं शिकावीत आणि शिकून इथंच राहावीत. माझ्या डोक्यात कॉलेजची वाढ म्हणजे ही आहे.

म्या इचारलं, "आन आमचं घर कवा उठवनार?"

तर मास्तर हसले न्हाईत. म्हनाले, "एकाही घराच्या उंबऱ्याला हात लागला, तर तुम्ही माझी खुंटी उपटा."

पुढं गावकी बसली. पाटलांनी इचारलं, बायांनी बी मागं बसून इचारलं. आन उताराचा तुकडा कालेजला वापरायला दिला. नुसता उतार, दगड आन बोरी. खाचरं करायची बाकीच व्हती. ती कोन करनार? मास्तर म्हनाले, मजूर आणायला कॉलेजच्या कमिटीनं पैसा मंजूर केलेला नाही. तवा गावकीत ठरलं, आपन सावडीनं करू.

आता शहरातल्या मानसांना सावड ठावं नसंल म्हनून सांगते. आमच्याकडं भाताची कामं एका घराच्यानं व्हत न्हाईत. मग आज समद्यांनी तुज्या खाचरात उतरायचं, उद्या तू समद्यांच्या खाचरात. पैका न्हाई, कागूद न्हाई. ज्याची पाळी त्यानं यायचं. तापानं फणफनला असला तरी घरातलं दुसरं मानूस धाडायचं. पाळी चुकवली तर कुनी भांडत न्हाई. नुसतं त्याच्या बांधावर कुनी जात न्हाई. वाडीत त्याच्याहून मोठी शिक्षा नसती.

त्या उन्हाळ्यात समदी वाडी त्या उतारावर व्हती. दगड वाहून आमच्या डोईचं केस गेलं. गडी पहारी मारायचे, बाया बांधाच्या ताली रचायच्या, आन मास्तर सदऱ्याच्या बाह्या वर करून आमच्यातच. लेकुरवाळ्या बाया झोळ्या बांधून काम करत व्हत्या. पायरीपायरीनं खाचरं उबी ऱ्हायली. मग कमिटी आली. मोटार वेल्ह्यापातुर, म्होरं बैलगाडी. पाटलांना हार घातला. फोटू काढला. अध्यक्ष सायेब, तवा बी तुमीच व्हता. तुमी म्हनालात, गावकऱ्यांनी कॉलेजला हे श्रमांचं दान दिलं, आम्ही आभारी आहोत.

आमी एकमेकींच्या तोंडाकडं बगितलं. दान कुनी केलं व्हतं? आमी कालेजला सावडीत घेतलं व्हतं. आमच्या लेखी कालेज आता वाडीतलं एक घर झालं व्हतं. घर म्हनलं की पाळी आलीच. तुमी हार घालून फिटंफाट केली आन मोटारीत बसलात.

लावनी आली. आमी वाट बगितली. पहिल्या घराची लावनी झाली, कालेज आलं न्हाई. दुसऱ्या घराची झाली, कालेज आलं न्हाई. बाया कुजबुजाया लागल्या, कालेज पाळी चुकवतंय. मग मीच गेले. तुकड्यावर मास्तरांची कुडाची खोली व्हती, तितं गेले आन म्हनलं, "मास्तर, तुमची पाळी आलीया."

म्हनाले, "कसली पाळी?"

म्या समदं सांगितलं. आता तुमाला सांगितलं तसंच. ऐकता ऐकता मास्तरांचं तोंड उतरलं. मी म्हनलं, आता म्हनतील, बाई, हे कमिटीत मांडतो. तर उठले, धोतर खोचलं आन म्हनाले, "चुकलं आमचं. आज कोणाच्या खाचरात आहे लावणी?"

त्या वर्षी मास्तरांनी पोरं आनली. भोरातनं चालत. काय ती पोरं, काय त्यांचं चिखलात पडनं. एक भोंगवलीचा शेतकऱ्याचा पोरगा तेवडा नीट लावायचा, बाकी समदी खेकड्याला भ्यायची. आन मास्तर तर इचारूच नका. लावनी करताना मागं मागं सरायचं असतं. मास्तर लावत लावत म्होरं निघाले आन आपलंच लावलेलं रोप आपल्याच पायानं तुडवलं. आमी हसून हसून बांधावर बसलो. म्या म्हनलं, "मास्तर, कालेजात म्होरं जात असतील, हितं मागं सरायला शिका." तर ते बी हसले. म्हनाले, "ठकूबाई, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही हो."

पन आमाला बी त्यांनी शिकवलं, ते लपवून कसं चालंल? आमी एका चुडात, म्हंजे एका जागी, मूठभर रोपं कोंबायचो. मास्तर म्हनाले, चारपाचच लावा, त्यांना श्वास घेऊ द्या. सासूबाई म्हनाल्या, ह्यो मानूस आमाला उपाशी मारतोय. मास्तर म्हनाले, एक खाचर माझ्या पद्धतीनं, एक तुमच्या. पीक उबं ऱ्हायल्यावर सासूबाई सोता जाऊन लोंब्या हातात घेऊन बगून आल्या. आन दुसऱ्या साली चारपाचच लावायला बसल्या. असा मानूस व्हता. आमचं घ्यायचा आन त्याचं द्यायचा.

त्या सालाचं भात खळ्यावर आलं आन हिकडं भोरात बोंब झाली. पोरांच्या बापांनी कमिटीला सांगितलं, आमच्या मुलांना शिकायला पाठवलंय, कुणब्याच्या चिखलात राबायला नाही. कमिटीनं ठराव केला. इद्यार्थ्यांना गावकऱ्यांच्या शेतात न्यायचं न्हाई. शेतकीचं कालेज बरं का, मंडळी. शेतात न्यायचं न्हाई.

मास्तर त्या ठरावानंतर वाडीला आले ते एकटेच. मान खाली घालून. मला म्हनाले, "ठकूबाई, पोरं येणार नाहीत. मी येईन."

म्या म्हनलं, "मास्तर, सावड फिटली समजा. आमी समजून घेतलं."

तर म्हनाले, "तुम्ही समजून घेतलंत म्हणून ती फिटत नाही. वाडीतल्या प्रत्येक घरानं आमच्या ताली रचल्या. ज्या घरी आम्ही गेलो नाही, त्या घरी मी जाईन."

तवापासनं दर लावनीला रजा टाकून मास्तर येत व्हते. एका सालात एखाददुसरं घर. घर नीट आखं लावून द्यायचे, अर्धवट न्हाई. बायांच्या वळीत डोईवर इरलं घेऊन वाकायचे. पायाला चिखल्या झाल्या. बोटांमदली कातडी गेली, रगत यायचं. मी करंजाचं तेल गरम करून द्यायची. ते लावायचे आन सकाळी परत चिखलात. कमिटीतलं कुनी इचारलं का त्यांना, मास्तर, तुमी लंगडता का? कुनी इचारलं? आज समद्यांच्या डोळ्याला पानी हाय म्हनून इचारते.

आन हिकडं तुमची वाढ चालली व्हती. बांधावर भाकरी खाताना मास्तर मला सांगायचे. कालेजचा नवा आराखडा झाला. मोठं फाटक, मोठा हाल, हालावर घड्याळ. डोंगरातला तुकडा मातुर खर्चाचा, रस्त्यापासनं लांब, तो सोडून द्यावा. मास्तर कमिटीत उबे ऱ्हायले आन म्हनाले, तुकडा सोडायचा असेल तर आधी वाडीचं काम परत करा. मग समदी हसली. तुमी बी हसलात, सायेब. मास्तरांनी मला सांगितलं न्हाई कोन कोन हसलं, पन म्हनाले, "ठकूबाई, सगळेच हसले हो." ते सांगताना त्यांच्या हातातली भाकरी तशीच ऱ्हायली.

म्या म्हनलं, "मग तुमी कशाला मरता त्या कालेजसाठी? द्या सोडून."

म्हनाले, "मी सोडलं तर कॉलेजात पाळी मानणारा एकही माणूस उरणार नाही."

आता ह्या सालचं सांगते.

माझं घर शेवटचं ऱ्हायलं व्हतं. मास्तर चेष्टेनं म्हनायचे, ठकूबाईंची जीभ सोसायला बळ लागतं, म्हणून त्यांचं घर शेवटी ठेवलंय. ह्या सालाला आले. तब्येत खालावली व्हती. म्या म्हनलं, बसा बांधावर, आमी लावतो, तुमचा हात लागला असं म्हनू. ऐकलं न्हाई. नदीकडच्या खाचरात उतरले. वळीनं लावत, मागं मागं सरत. आता त्यांना सरायला येत व्हतं. वळ बी सरळ यायला लागली व्हती. अर्धं खाचर झालं आन मास्तर मदीच उबे ऱ्हायले. आंग थरथरत व्हतं. हात लावला तर भाजत व्हतं. आमी बाहेर काढलं. गड्यांनी डोली केली, भोरापातुर आनलं. डोलीत पडल्या पडल्या माजा हात धरला आन म्हनाले, "ठकूबाई, तेवढं राहिलं."

म्या म्हनलं, "ऱ्हाऊ द्या. बरं झालं की या."

म्हनाले, "रोप थांबत नाही हो."

ते माज्याशी शेवटचं बोलले. मग भोरातच गेले. आमाला निरोप दुसऱ्या दिशी मिळाला.

मघाशी मी दाराशी बसले व्हते, तवा चिटणीस सायेब कुनाला तरी हळूच म्हनाले, त्या वाडीवाल्यांनी चिखलात उभं करून लेल्यांचा जीव घेतला. मला ऐकू येतं, सायेब. कान आजून शाबूत हायेत. तर ऐका. आमी त्यांना नको म्हनत व्हतो. आख्ख्या कालेजची पाळी एका मानसाच्या पाठीवर कुनी टाकली? पोरं कुनी परत बोलावली? कमिटीत कोन हसलं? जीव कुनी घेतला, ते तुमी घरी जाऊन उशीवर डोकं ठिवाल तवा इचार करा. मी हितं नाव घेत न्हाई.

आता अध्यक्ष सायेबांचा तो शबुद. कॉलेज हेच लेले सरांचं घर आणि आपण सगळे त्यांच्या घरचे. लई चांगलं बोललात. मला तेच पायजे व्हतं.

आमच्यात रीत हाय. सावडीतला मानूस पाळी अर्धी टाकून गेला, तर उरलेली पाळी त्याच्या घरच्यांनी करायची. तेराव्याच्या आत. तवर त्या वळीला दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई. मास्तरांचं अर्धं खाचर तसंच पडून हाय. अर्धं हिरवं, अर्ध्यात नुसतं पानी. लेक म्हनतो, आये, रोप पिवळं पडायला लागलंय, लाव की. जावा म्हनतात, ठके, येड लागलं का, वर्षाचं भात घालवशील. माझ्या घराला ते खाचर गेलं तर पुढच्या पावसाळ्यात नाचनीच्या आंबिलीवर दिस काढायला लागतील. मला कळत न्हाई व्हय? पन मी लावलं न्हाई. म्हनलं, त्यांच्या घरचं कोन हाय ते कळू दे. मास्तरांना घर व्हतं का नव्हतं, तेवडं कळू दे.

आता कळलं. तुमी हात जोडून समद्यांम्होरं सांगितलंत. तर या. अध्यक्ष सायेब, या. चिटणीस सायेब, या. पोरांनो, तुमच्यावर ठराव हाय, पन तो गावकऱ्यांच्या शेतात जायचं न्हाई असा हाय, मयताच्या घरचं काम करायचं न्हाई असा न्हाई. या. फार काम न्हाई. धाबारा मानसं आली तर भाकरीच्या येळंपातुर संपंल. रोप उपटून मुठी बांधून मी तयार ठिवते. मागं सरायचं कसं ते मी दाखवीन. कुनी पडलं तर आमी हसू, त्याचा राग मानू नका. मास्तरांना बी हसलो व्हतो.

आन न आलात तर?

न आलात तर मी भांडायला येनार न्हाई. तेराव्याच्या आदल्या दिशी म्या सोता, ह्या माझ्या हातानं, उरलेली वळ लावून टाकीन. पिवळं तर पिवळं. आन मग रीतीनं मास्तर माझ्या घरचे झाले. माझे भाऊ झाले. त्यांचा तेरावा माझ्या दारात व्हईल, घास माझ्या हातचा जाईल. मग तुमी घरचे नव्हं. मग त्या तुमच्या हालाच्या दगडावर त्यांचं नाव घालायचं असंल तर आदी मला इचारायला यावं लागंल. आन मी न्हाई म्हनीन. हे समद्यांनी ऐकलं ना? बायांनो, तुमी साक्षीला हाय.

झालं. माझं बोलून झालं. चिटणीस सायेब मघाशी म्हनाले व्हते, शेवटाला समद्यांनी उबं ऱ्हाऊन, डोळं मिटून, गप ऱ्हायचं. ऱ्हाऊ. मास्तरांसाठी जरूर ऱ्हाऊ. माजी एकच इनंती हाय. डोळं मिटू नका. मान खाली घाला आन जो तो आपापल्या पायाकडं बगा. मास्तरांचे पाय म्या बगितलेत.

लेले मास्तर, रोप आजून मोडलेलं न्हाई. तुमाला ह्या बहिनीचा रामराम.

उटा, मंडळी. आता कुनी बोलू नका.